दुरियनची पक्वान्ने आणि आमचा चातुर्मास

गेल्या आषाढात आमच्या कुटुंबात एका फळावरून वाद उपस्थित झाला, आणि त्याचा निकाल लागावयास कार्तिक उजाडावा लागला. फळाचे नाव दुरियन. चातुर्मासात कांदा व लसूण वर्ज्य करणाऱ्या माणसाने, ज्याला कांद्यासारखा वास येतो असे फळ, आणि तेही पक्वान्नाच्या रूपाने, खावे किंवा न खावे, हा वादाचा मुद्दा. वाचकांस हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु आमची कन्या ज्या घरी दिली आहे त्या घरच्या विहीणबाईंनी आमच्यापुढे प्रथमच ठेवलेल्या वाटीसंबंधाने तो उत्पन्न झाला होता. आणि ती वाटी न शिवता परत गेली असती तर तिच्याबरोबर आणखी पुष्कळ काही परत गेले असते, हे मुलींचे आईबाप सहज जाणतील.

आमचे व्याही मलेशियातील मलाक्का शहरचे. १५ व्या शतकात, तेथे सुलतानांचे राज्य असता, तमिळ व्यापारी त्या बंदरात जाऊन राहिले व त्यांनी तेथल्याच स्त्रियांशी विवाह केले. त्यांच्या वंशजांस चेट्टी म्हणतात. इतक्या शतकांत ही मंडळी तमिळ भाषा बहुतेक विसरली; घरात ती मलयी बोलतात, आणि त्यांच्या बायकांचा पेहरावही मलयी धर्तीचा झाला आहे. शिवाची उपासना मात्र त्यांनी सोडली नाही. १७८१ साली बांधलेले त्यांचे विनायकाचे देऊळ आजही शहरात उभे आहे, आणि परमुलखात पहिल्याच दिवशी गणपतीचे दर्शन घडल्यामुळे आमच्या मनावरचे अर्धे ओझे उतरले. अर्धे म्हणण्याचे कारण, मुलीने हा विवाह स्वतः ठरविला तेव्हा तो आमच्या घरात सर्वांस रुचला होता असे म्हणणे खरे होणार नाही. थोरल्या वहिनींनी तर दोन दिवस मौन धरिले होते. असो.

आता त्या फळाविषयी. दुरियन प्रथमदर्शनी फणसासारखे दिसते, आणि म्हणून आपल्याकडील प्रवासी त्याला ‘तिकडचा फणस’ म्हणून मोकळे होतात. ही चूक आहे. फणस हा वड, उंबर, अंजीर यांच्या कुळातला. दुरियन हे शाल्मली, म्हणजे आपली काटेसावर, कापूस, जास्वंद व भेंडी यांच्या कुळातले. फणस अनेक फुलांचा मिळून एक होतो. दुरियन एकाच फुलाचे फळ असते. त्याची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागण मुख्यत्वे वटवाघळे करितात. फळ सामान्यतः एक ते तीन किलो वजनाचे असते. त्याचे काटे फणसाच्या काट्यांसारखे बोथट नसून खरोखरीचे, हातास रक्त काढणारे असतात. मलयी भाषेत ‘दुरी’ म्हणजे काटा, त्यावरून दुरियन. अमरकोशात पनसाचे एक नाव कण्टकिफल असे दिले आहे. दोन्ही फळांचे कूळ निराळे, परंतु दोन देशांच्या लोकांनी त्यांस नाव ठेविले ते एकाच अर्थाचे. आतमध्ये कप्पे असतात व प्रत्येक कप्प्यात मोठ्या आठळ्यांभोवती पिवळा, सायीसारखा मऊ गर असतो. तिकडचे लोक त्याला ‘राजा बुआ’, म्हणजे फळांचा राजा, म्हणतात. ह्यातील राजा हा शब्द आपलाच होय.

आता वाटीकडे येतो. आम्ही उभयता पोचलो ती आषाढी एकादशी नुकतीच झालेली होती. संध्याकाळी विहीणबाईंनी ‘पेंगत’ नावाचे पक्वान्न पुढे केले. पातळसर, तपकिरी रसात पिवळे गरे, बाजूला शिजविलेल्या चिकट तांदळाची मूद. रंगरूप पाहून आम्हांस कोकणातल्या शिरवाळ्यांबरोबरच्या गोड रसाची आठवण झाली व आम्ही पाटावर सरसावून बसलो. इतक्यात वास आला. तो कसा हे सांगणे कठीण. जुने तूप, भाजलेले बदाम, आंबू लागलेले फळ, आणि ह्या सर्वांच्या मागे, नाकारता येणार नाही असा, कांदा. सौभाग्यवती आमच्या कानाशी म्हणाली, “अहो, ह्यात कांदा आहे. मला चालायचे नाही.”

आम्ही शिक्षक, गप्प बसणे आमच्या स्वभावात नाही. आम्ही हळूच शास्त्रार्थ सुरू केला की, स्मृतिकारांनी लशुन, गृंजन व पलांडु ह्या वस्तू नावाने निषिद्ध सांगितल्या आहेत. वासाला निषेध सांगितलेला नाही. आणि ज्या फळाचे त्यांनी नावही ऐकले नव्हते त्याला तो कसा लागू होईल? त्यावर उत्तर आले, “स्मृती राहू द्या. माझे नाक काय सांगते ते ऐका.”

ते नाक खोटे सांगत नव्हते, हे आम्हांस पुढे कळले. म्यूनिक येथील संशोधकांनी २०१७ साली असे दाखविले की दुरियनच्या गरात गंधद्रव्ये पुष्कळ असली तरी त्याच्या वासाचा मुख्य ठसा उमटविण्यास दोनच पुरेशी होतात. एकाचा वास गोड फळासारखा, आणि दुसरे गंधकयुक्त, त्याचा वास भाजलेल्या कांद्यासारखा. त्याच वर्षी सिंगापुरातील शास्त्रज्ञांनी ह्या फळाची सारी जनुकीय रचना उलगडली, तेव्हा गंधकाची द्रव्ये निर्माण करणारी जनुके त्यात वाढीव संख्येने असल्याचे आढळले. आमच्या गृहिणीने हे सर्व प्रयोगशाळेवाचून, एका श्वासात ओळखले होते.

इकडे वाटी तशीच राहिली, आणि कन्येचा चेहरा उतरला. विहीणबाईंच्या ते ध्यानात आले. त्यांस मराठी येत नाही, आम्हांस मलयी येत नाही; कन्या मध्ये दुभाषी. त्यांनी रागलोभ काही दाखविला नाही. कन्येला काहीसे सांगून त्या सौभाग्यवतीस आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तेथे त्यांच्या सासूसासऱ्यांच्या तसबिरी होत्या. चेट्टी लोकांत ‘पारचू’ नावाचा पितरांचा विधी वर्षातून दोनदा होतो. एकदा जानेवारीत, भोगीच्या दिवशी. आणि पुन्हा वर्षाच्या मध्यास, फळांच्या हंगामात. ह्या दुसऱ्या पारचूला हंगामातील फळे पितरांपुढे केळीच्या पानावर मांडतात, आणि त्यांत दुरियन असते. विहीणबाईंनी कन्येच्या तोंडून इतकेच सांगितले की, ह्या घरी पितरांच्या पानावर ठेविल्याशिवाय हंगामाचे पहिले दुरियन कोणी खात नाही, आणि आज तुम्ही याल म्हणून तो विधी उरकून मग ही वाटी भरली आहे.

सौभाग्यवती बाहेर आली, पाटावर बसली, व म्हणाली, “मग पान टाकून उठणे बरे नव्हे.” तिने वाटी संपविली. दुसरी घेतली नाही, हेही येथे नमूद करितो.

आमचा स्वतःचा अनुभव सांगावयाचा तर पहिला घास नाकाने खाल्ला, दुसरा जिभेने. आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८६९ साली प्रसिद्ध केलेल्या मलाया द्वीपसमूहाच्या प्रवासवर्णनात अशीच कबुली दिली आहे. मलाक्क्यास प्रथम ते फळ घरात आणले तेव्हा त्याला वास सोसेना. पुढे बोर्निओत झाडाखाली पडलेले पक्व फळ उघड्या हवेत खाल्ले, आणि तेव्हापासून तो त्याचा भक्त झाला. ह्यात मर्म आहे. बंद खोलीत वास साचतो, अंगणात तो पांगतो. सिंगापुरात आगगाडीत हे फळ नेऊ देत नाहीत, व तिकडच्या पुष्कळ हॉटेलांतून त्याला मज्जाव असल्याच्या पाट्या आम्ही पाहिल्या. फळावर प्रेम करणाऱ्या लोकांनीच ह्या पाट्या लाविल्या आहेत, ही त्यातली मौज.

दुसऱ्या दिवशी आम्ही विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात पेंगत कसे होते ते पाहिले. कृती साधी आहे. नारळाचा रस काढून तो मंद आचेवर ठेवितात. केवड्याच्या कुळातील एका सुवासिक पानाची गाठ मारून त्यात टाकितात. मग ‘गुला मेलाका’, म्हणजे मलाक्क्याचा गूळ, चिरून घालितात. हा गूळ उसाचा नव्हे. माडाच्या पोयीतून काढलेला रस आटवून बांबूच्या नळीत ओतितात, म्हणून त्याच्या ढेपा लांबट, नळकांड्यासारख्या असतात. चिमूटभर मीठ हवेच. दुरियनचे गरे अगदी शेवटी घालावयाचे आणि रस उकळू द्यावयाचा नाही. उकळला तर नारळाचा रस फुटतो आणि गराचा लगदा होतो. ‘गुला’ हा शब्द ऐकून आमचे कान टवकारले. तो संस्कृत ‘गुड’ शब्दापासूनच आलेला. पुढे घटकाभरात रस, उपवास (मलयीत ‘पुआसा’) असे आणखी शब्द निघाले, आणि दुभाष्यावाचून आमचे विहीणबाईंशी थोडेसे बोलणे झाले.

त्या बोलण्यातून आम्हांस एक गोष्ट उमगली, ती अशी की दुरियनची जुनी पक्वान्ने हौसेने जन्मास आलेली नाहीत. मलाया प्रांतात फळ झाडावरून काढीत नाहीत. ते पिकून आपण होऊन, बहुधा रात्री, खाली पडते. पडलेले फळ एकदोन दिवसांत खाल्ले पाहिजे. पुढे ते तडकते व आंबू लागते. एका रात्रीत बागेत पन्नास फळे पडली तर घरच्या माणसांनी खाऊन ती किती संपणार? ज्यांच्या परसात फणस आहे त्या कोकणवासी वाचकांस हे दुःख निराळे सांगावयास नको. ताजे उत्तम फळ तसेच खातात. त्याहून थोडे उतरलेले पेंगतात जाते. फारच उरले तर मीठ घालून बरणीत आंबवितात. त्याला ‘तेंपोयाक’ म्हणतात. ते गोडात येत नाही, माशाच्या कालवणात घालितात, म्हणून त्याचा विचार येथे सोडून देतो. आणि वर्षभर टिकाऊ गोड हवे असेल तर ‘लेंपोक’ करितात.

हे लेंपोक करताना पाहणे हाच आमच्या प्रवासातला मोठा सोहळा. विहीणबाईंच्या भावाच्या अंगणात, विटांच्या चुलीवर, सकाळी नऊ वाजता लोखंडी कढई चढली. आठळ्या काढून साफ केलेला गर, साखर, किंचित मीठ. ह्याखेरीज काही नाही. पीठ घालणारे लोक असतात, परंतु विहीणबाईंच्या मते ते लेंपोक नव्हे. मग लाकडी वल्ह्यासारख्या दांड्याने ढवळणे सुरू झाले. एका माणसाचा हात दुखला की दुसरा घेई. क्षणभर थांबले तर तळ लागतो. पहिला तासभर वास इतका दरवळत होता की सौभाग्यवती नाकास पदर लावून पेरूच्या झाडाखाली जाऊन बसली. परंतु जसजसे पाणी आटत गेले तसतसा कांदा मागे पडला व भाजलेल्या साखरेचा सुगंध पुढे आला. पिवळा रंग प्रथम बदामी, मग तपकिरी, शेवटी गूळपापडीसारखा काळसर झाला. दुपारी दोनच्या सुमारास गोळा कढईच्या कडा सोडू लागला तेव्हा ती उतरविली. सौभाग्यवतीने जवळ येऊन बोटाने थोडे चाखले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “अगं बाई, ही तर फणसपोळीची थोरली बहीण!” विहीणबाईंनी अर्थ विचारला. कन्येने समजाविताच त्यांनी फणसपोळी कशी करितात ते खोदून खोदून विचारले. गर उन्हात वाळवावयाचा, विस्तव लावावयाचा नाही, ह्याचे त्यांस फार आश्चर्य वाटले. त्यांच्याकडे पाऊस कोणत्या महिन्यात येईल ह्याचा भरवसा नसल्यामुळे उन्हावर विसंबण्याची सोय नाही.

लेंपोकाचा चुलतभाऊ म्हणजे ‘दोदोल’. त्यात चिकट तांदळाचे पीठ, नारळाचा रस व माडाचा गूळ ही मुख्य. दुरियनचा गर घातला तर ते दुरियनचे दोदोल. हे नाव गोमंतकीय वाचकांच्या कानावर पडताच ते चमकतील. गोव्यात नाताळास तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ ह्यांचे जे दोदोल होते ते हेच. दुरियन तेवढे त्यात नाही. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला व १५११ साली मलाक्का. पुढे सुमारे सव्वाशे वर्षे ही दोन्ही बंदरे एकाच अमलाखाली होती, आणि गलबतांची ये-जा चालू होती. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याने १५६३ साली गोव्यासच छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात दुरियनचा उल्लेख केला आहे, आणि त्यात एक मजेदार गोष्ट आहे. कोणा गृहस्थाने त्याला सांगितले की, प्लिनी ह्या रोमन ग्रंथकाराच्या इटालियन भाषांतरात आपण दुरियनचे नाव वाचले आहे. ओर्ताने तो उतारा दाखविण्यास सांगितले. गृहस्थ शोधीत राहिला. ग्रंथ छापून झाला तरी उतारा सापडलेला नव्हता. अशा गृहस्थांशी आम्ही शिक्षकांच्या खोलीत तीस वर्षे काढली आहेत.

हिंदुस्थानात हे झाड मुळीच नाही असे नव्हे. नीलगिरीच्या उतारावर कल्लार व बुर्लियार येथील सरकारी फळबागांत दुरियनची जुनी झाडे आहेत. परंतु तेथे त्याची पक्वान्ने करण्याची परंपरा रुजली नाही.

इतर देशांतील प्रकार थोडक्यात सांगतो, कारण त्यांतील काही आम्ही केवळ चाखले व काही ऐकले. सयाम म्हणजे थायलंड येथे फळ पडण्याची वाट न पाहता ते झाडावरून कापून काढितात, म्हणून ते घट्ट व वासाला सौम्य असते. तेथे चिकट भातावर गोड नारळाचा रस व दुरियनचे गरे असे खातात. आंब्याच्या दिवसांत आंबा घालून जे होते त्याचीच ही दुसरी आवृत्ती. गर आटवून केलेल्या वड्याही तेथे मिळतात. व्हिएतनामात सोक चांग गावची ‘बान्ह पिया’ नावाची मिठाई प्रसिद्ध आहे. चिरोट्यासारखे पापुद्रे, आत मुगाचे पुरण व दुरियन. आम्ही ती हाती घेतली होती, परंतु पुरणात खारविलेल्या अंड्याचा बलक असतो असे कळल्यावर जावईबापूंस दिली. फिलिपाइन्समध्ये दावाव शहरी दुधातल्या छोट्या गोळ्या करितात.

सिंगापूर व हाँगकाँग येथील नवीन मिठाया हे निराळेच प्रकरण आहे. फुगीर पोकळ पुरीत थंड गर भरलेले ‘पफ’, मलईत गुंडाळलेली धिरडी, आइस्क्रीम, शरदातील चंद्रोत्सवाचे गोड पेढे. ह्या सर्वांत मुख्य साहाय्य बर्फाचे. पदार्थ थंड असला म्हणजे वास कमी सुटतो, आणि नवशिक्यास धीर येतो. पफ आम्हांस आवडला. त्यात फळ पुरेसे होते. पण मलईच्या थराथरांचा जो केक आम्हांस खिलविण्यात आला त्यात दुरियन इतके बेताचे होते की ते शोधण्यास नाकच लागले. ज्या फळाची लाज वाटते ते घालावयाचे कशाला, हा आमचा प्रश्न कन्येस आवडला नाही.

विहीणबाईंची तक्रार ह्याहून गंभीर होती. चीनमध्ये ह्या फळाची आवड विलक्षण वाढली आहे. २०२३ साली त्या देशाने १४ लाख टनांहून अधिक ताजे दुरियन बाहेरून आणविले. त्यातले बहुतेक थायलंड व व्हिएतनामचे. परंतु मलेशियानेही २०२४ पासून ताजे फळ तिकडे धाडण्यास आरंभ केला. ‘मुसांग किंग’ ह्या नामांकित जातीचा भाव त्यांच्या घरच्या हिशेबाबाहेर गेला आहे. बागाइतदाराचे भले होते हे त्यांस मान्य आहे, त्यांचा भाऊच बागाइतदार. पण पूर्वी शेजारी टोपलीभर फळे आणून देत, तेव्हा लेंपोक होई. आता पडलेले फळ उजाडण्यापूर्वीच पेटीत जाते. आम्ही पाहिलेली कढई त्यांच्या घरी तीन वर्षांनी चढली होती, आणि ती आमच्याकरिता, हे कन्येने आम्हांस निघण्याच्या दिवशी सांगितले.

आमच्या वयाच्या वाचकांनी एक लक्षात ठेवावे. ह्या फळाच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे १५० कॅलरी असतात, म्हणजे आंब्याच्या दुपटीहून अधिक. त्यावर गूळ व नारळ. तिकडचे लोक ते उष्ण मानितात व त्यावर मँगोस्टीन नावाचे फळ खातात. आम्ही मात्र रक्तातील साखरेचे मोजमाप करणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेविला व दिवसाला एक वाटी हा नियम केला. तो दोनदा मोडला.

विमानात ताजे दुरियन नेऊ देत नाहीत. लेंपोकाचा डबा पक्का बंद करून आणला. घरी तो उघडताच थोरल्या वहिनींनी वास घेतला आणि म्हणाल्या, “भाऊजी, तुमचे शास्त्र तुमच्यापाशी. मी कांदेनवमीला कांदा सोडला आहे, तो वासानेसुद्धा घेणार नाही.” डबा शीतकपाटात गेला. पुतण्यांची मुले येता-जाता वडी उचलू लागली आणि भाद्रपदात डबा तळाला लागला. सौभाग्यवतीने दोन वड्या कागदात गुंडाळून लोणच्याच्या बरणीमागे लपविल्या, हे कोणास ठाऊक नव्हते.

कार्तिकी एकादशीचे पारणे सुटले. तुळशीचे लग्न झाले, नव्या कांद्याची भजी झाली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी सहज विचारल्यासारखे म्हणाल्या, “त्या विहीणबाईंच्या घरचे काही उरले आहे का ग?” सौभाग्यवतीने पुडी काढली. वहिनींनी लहानसा तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ घोळविला, आणि म्हणाल्या, “साखर थोडी कमी हवी होती. ढवळणारीचा हात मात्र चांगला आहे.” मग दुसरी वडी त्यांनी देवघराच्या फडताळात ठेविली.

वैशाखात आमच्याकडून मलाक्क्यास फणसपोळ्यांचे पार्सल गेले. त्या वहिनींनी स्वतः गच्चीवर वाळविल्या होत्या आणि कावळे राखीत आम्हांस बसविले होते.